डीव्हीडी नाही, एचडी डीव्हीडी

दिवाळी झाल्यावर मामाकडे नेरूळला गेले होते, सामान आवरायला हात लागतील म्हणून. त्यांची सिडकोची बिल्डिंग एकदाची रिडेव्हलपमेंटला गेली, सगळ्यांच्या सह्या झाल्या, भाड्याचे चेक आले, आणि मामा-मामी तीन वर्षांसाठी (बिल्डर तीन म्हणतोय, मामी पाच धरून चाललीय) सीवूड्सला भाड्याच्या फ्लॅटमध्ये जाणार. हॉलभर खोके, धूळ, जुन्या वर्तमानपत्रांचा तो कोंदट वास, आणि दारात भंगारवाला पोरगा काटा घेऊन उभा. मिक्सरचं भांडं, टेबलफॅन, स्टॅबिलायझर असं भराभर वजन करत तो टीव्हीच्या कपाटापाशी आला आणि खालच्या कप्प्यातली काळी रुंद पेटी उचलून म्हणाला, "ही घेतो, चकत्या नको, चकत्यांना भाव नाय. डीव्हीडीच ना काका?" मामा खिडकीपाशी पडद्याचे रिंग काढत होता, तो मागे न बघता म्हणाला, "डीव्हीडी नाही, एचडी डीव्हीडी." पोरगा म्हणाला, "तेच ते." मामा रिंगा तशाच सोडून आला, त्याच्या हातातून पेटी काढून घेतली, फडक्याने पुसली आणि 'न्यायचं' लिहिलेल्या खोक्यात ठेवली. मामीने माझ्याकडे बघून फक्त भुवया वर केल्या.

तेच ते!

संध्याकाळी नेरूळहून ठाण्याची गाडी पकडली, खिडकीही मिळाली, पण डोक्यात हेच चालू. त्या पोराचं काही चुकलं नव्हतं हो. बारा सेंटिमीटरची चकाकती चकती, मधे भोक, वर सिनेमाचं नाव, त्याच्या जन्माच्या आसपास कधीतरी मेलेली गोष्ट. (एचडी डीव्हीडी म्हणजे डीव्हीडीनंतरची, जास्त स्वच्छ चित्राची चकती; ब्लू-रे नावाच्या दुसऱ्या तशाच चकतीशी तिची लढाई झाली आणि ती हरली.) पण मामाने ज्या आवाजात ते एक 'एचडी' जोडलं, तो आवाज मी ओळखते. आमच्या नौपाड्याच्या चाळीत वरच्या मजल्यावर एक मस्कतवाले काका होते, त्यांच्याकडे तो आवाज होता. एशियाडनंतर घरोघरी रंगीत टीव्ही यायला लागले त्या काळात ते सुट्टीवर येताना व्हीसीआर घेऊन आले, आणि आख्खी चाळ त्यांच्या दारात. फक्त तो निघाला बीटामॅक्स. कॅसेट व्हीएचएसपेक्षा लहान, हातात घ्यायला छान गुटगुटीत, आणि काका प्रत्येकाला सांगायचे की यावर चित्र जास्त स्वच्छ येतं, जपानमध्ये जाणकार लोक हेच वापरतात. असेलही. पण जिन्याखालच्या व्हिडिओ लायब्ररीत बीटाचं जे एक शेल्फ होतं ते आधी अर्धं झालं, मग एका खोक्यावर आलं, मग तेही दिसेना. लायब्ररीवाल्याला काका तावातावाने चित्राबद्दल सांगायचे, तो पान चघळत ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "साहेब, भाड्याने जातात ते सगळे व्हीएचएस जातात." लग्नात, पूजेला, गणपतीत रात्रभरासाठी टीव्ही-व्हीसीआर आणि तीन कॅसेट आणायची पद्धत होती, ते सगळे सेट व्हीएचएसचे. काकांच्या मशीनवर शेवटी शेवटी त्यांच्याच मुलीच्या बारशाचं शूटिंग तेवढं लागायचं.

त्या लायब्ररीवाल्याला दोन्ही मशीनवरचं चित्र शेजारी शेजारी लावून बघायची कधी इच्छाच झाली नाही, हे मला तेव्हापासून विचित्र वाटत आलंय. त्याला शेल्फ दिसायचं. कुठली कॅसेट बाहेर जाते, कुठली धूळ खाते, बस. बीटामॅक्स सोनीचं, १९७५ चं, जेव्हीसी कंपनीचं व्हीएचएस एक वर्षाने मागून आलेलं, पण सुरुवातीच्या बीटा कॅसेटवर तासभर मावायचं आणि व्हीएचएसवर दोन तास, शिवाय जेव्हीसीने व्हीएचएस बनवायची परवानगी बाकी कंपन्यांना सढळ हाताने दिली, मग मशीन स्वस्त, मग घरं जास्त, मग कॅसेट जास्त, मग शेल्फ. १९८८ मध्ये खुद्द सोनीच व्हीएचएसचे व्हीसीआर काढायला लागली तेव्हा विषय संपला. आणि तरी गंमत बघा, बीटामॅक्सच्या कोऱ्या कॅसेट सोनी २०१६ च्या मार्चपर्यंत विकत होती. कोण घेत असतील? मस्कतवाल्या काकांसारखेच कोणीतरी.

तर मामा. मामा रबाळ्याला एमआयडीसीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता, मशीन म्हटलं की त्याचे डोळे वेगळेच दिसतात. २००७ च्या डिसेंबरमध्ये त्याचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, अमेरिकेतून नाताळच्या सुट्टीत आला आणि बॅगेतून कपड्यांत गुंडाळून हा प्लेअर काढला. त्या नोव्हेंबरात तिकडे एचडी डीव्हीडीचे प्लेअर सेलमध्ये शंभर डॉलरच्या आत मिळत होते, आणि ब्लू-रेचे त्याच्या कितीतरी पट महाग, त्यामुळे दादाने विचार केला असेल असं वाटत नाही. सोबत लालसर पारदर्शक डब्यांमधल्या काही डिस्क. (ब्लू-रेच्या डब्या निळ्या, ह्यांच्या लाल, दुकानात लांबून पार्टी कळावी म्हणून.) प्लेअर अमेरिकेचा म्हणजे एकशे वीस व्होल्टवाला, तर मामाने कंपनीतल्या वाइंडरकडून एक स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर करून घेतला, विटेएवढा जड, आणि तो चालू केला की हॉलमध्ये एक बारीक गुं गुं सुरू व्हायचं. त्यातून टीव्ही २९ इंची, पाठीला कुबड असलेला. एचडी घुसणार कुठून त्यात? एचडीएमआयचं भोकच नाही. म्हणून पिवळी-लाल-पांढरी वायर, टीव्हीच्या मेन्यूत जाऊन एनटीएससी म्हणजे अमेरिकी पद्धतीचं चित्र निवडायचं, नाहीतर चित्र काळंपांढरं होऊन वर पळत राहायचं. म्हणजे जगात ज्या चित्रासाठी कंपन्या एकमेकींच्या नरड्याला लागल्या होत्या ते चित्र आमच्याकडे पिवळ्या वायरीतून साध्या डीव्हीडीएवढं होऊन येत होतं. आणि मामा मांडी घालून समोर. "बघ, त्याच्या नाकावरचा घाम दिसतो." मी डोळे फाडून बघितलं, मला नाक दिसलं.

मामाने तेव्हा मला जे समजावलं ते अजून लक्षात आहे, कारण त्याने स्टीलच्या डब्याच्या झाकणावर पेन्सिलने काढून दाखवलं. दोन्हीकडे लेझर एकच, निळा-जांभळा, ४०५ नॅनोमीटरचा. साध्या डीव्हीडीचा लाल, ६५० चा. निळा बारीक म्हणून खड्डे बारीक, म्हणून जास्त माल मावतो. इथपर्यंत भांडण नाही. भांडण हे की माहितीचा थर चकतीच्या पृष्ठभागापासून किती आत ठेवायचा. तोशिबा आणि एनईसीवाले म्हणाले ०.६ मिलिमीटर आत, डीव्हीडीत असतो तिथेच, म्हणजे डीव्हीडीचे चालू कारखाने थोडे फेरफार करून वापरता येतील. सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स ही मंडळी म्हणाली ०.१ मिलिमीटर, अगदी वर, म्हणजे लेझर आणखी बारीक टोकावर आणता येईल. त्यामुळे ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी, दोनात ५०, आणि एचडी डीव्हीडीत १५ आणि ३०. पण इतक्या वर थर म्हणजे ओरखड्याची भीती. सोनीचा जपानमधला पहिला ब्लू-रे रेकॉर्डर तर चकती प्लास्टिकच्या कव्हरात बंद ठेवूनच खायचा, पुढे टीडीकेने कडक लेप शोधला तेव्हा चकती मोकळी झाली. २००५ मध्ये दोन्ही पार्ट्या एकच फॉरमॅट करूया म्हणून बसल्या होत्या, आणि ते फिसकटलं ते ह्या अर्ध्या मिलिमीटरवर. अर्थात अर्ध्या मिलिमीटरच्या पोटात पेटंटची रॉयल्टी होती, कारखान्यांचा खर्च होता, जुना मानापमान होता. मामाच्या सोसायटीत कारपेट एरियाच्या चार चौरस फुटांवरून सगळं सात वर्षं अडलं होतं, तेव्हाही मीटिंगमध्ये कोणी चार फुटांबद्दल बोलत नव्हतं.

आणि हेच लोक दहा वर्षांपूर्वी शहाण्यासारखे वागले होते! १९९५ मध्ये एकीकडे सोनी-फिलिप्सची चकती, दुसरीकडे तोशिबाच्या बाजूची, आणि आयबीएम वगैरे कॉम्प्युटरवाल्यांनी दोघांना सांगितलं की आधी एक व्हा, नाहीतर आम्ही कोणाचीच घेणार नाही. झाले एक. त्यातून डीव्हीडी आली. ह्या वेळी असं दटावणारं कोणी नव्हतं, उलट प्रत्येक मोठा माणूस कुठल्यातरी एका पालखीला खांदा देऊन उभा. सिनेमा कंपन्यांपैकी युनिव्हर्सल एचडी डीव्हीडीकडे, डिस्ने आणि फॉक्स ब्लू-रेकडे, वॉर्नर दोन्हीकडे. पॅरामाउंट आधी दोन्हीकडे, मग २००७ च्या ऑगस्टमध्ये फक्त एचडी डीव्हीडीकडे, त्यासाठी पंधरा कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सला जोडायचा एचडी डीव्हीडी ड्राइव्ह वेगळा विकला, दोनशे डॉलरला, हवा तर घ्या. सोनीने मात्र प्लेस्टेशन ३ च्या पोटातच ब्लू-रे घातला. पोरांनी गेम खेळायला डबा घेतला आणि घरात ब्लू-रे येऊन बसला, कोणाला विचारायची गरजच पडली नाही. मला ही चाल आजही सगळ्यात हुशार वाटते आणि थोडीशी लबाडही.

दादा अजून नेरूळलाच होता तेव्हा ती बातमी आली. ४ जानेवारी २००८, वॉर्नरने जाहीर केलं, यापुढे फक्त ब्लू-रे. लास वेगासचं मोठं प्रदर्शन तोंडावर होतं, तिथली एचडी डीव्हीडीवाल्यांची पत्रकार परिषदच रद्द झाली. दादाने लॅपटॉपवर वाचून दाखवलं, मामा चहा ओतत होता, म्हणाला, "एका कंपनीने काय होतंय." मग फेब्रुवारीत पोस्टाने चकत्या भाड्याने देणारं नेटफ्लिक्स आणि बेस्ट बाय ही दुकानांची साखळी एकाच दिवशी ब्लू-रेकडे, चार दिवसांनी वॉलमार्ट ही त्याहून मोठी साखळी, आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने हात वर केले. दीड महिना. ह्या दीड महिन्यात चित्रात काही बिघडलं नव्हतं, आवाजात बिघडलं नव्हतं, यंत्रात एक स्क्रू सैल झाला नव्हता. वॉलमार्टने शेल्फ मोजलं. नौपाड्याच्या जिन्याखाली पान चघळत बसलेला माणूस मला तेव्हा आठवला, हे काही उगाच नाही.

ठाण्यात ह्यातलं काहीही झालं नाही.

खरं सांगायचं तर ज्या दिवसांत तिकडे हाय डेफिनिशनचं महायुद्ध चालू होतं त्या दिवसांत आमच्याकडे व्हीसीडीचं राज्य होतं. मोझर बेअरने २००७ मध्ये व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ ला आणली होती, किराणा दुकानात, औषधाच्या दुकानात, कुठेही लटकलेली असायची. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे आजच्या मोबाईलवरचा थंबनेल बरा. एका चकतीत सव्वा तास जेमतेम, म्हणून सिनेमा दोन-तीन चकत्यांत, आणि चकती बदलायची वेळ नेमकी गाण्याच्या मधे यायची. चित्रात हालचाल झाली की चौकोन चौकोन पडायचे, चकती अडकली की काढून बनियनला पुसून परत. स्टेशनबाहेर फुटपाथवर त्याहून स्वस्तातला माल, एका चकतीत पाच सिनेमे, कव्हरवर सहाव्याच सिनेमाचा हिरो. आणि आम्ही मजेत बघत होतो, पोटभर हसत-रडत होतो. कोणी म्हणालं नाही की पिक्सेल कमी आहेत. मला कधी कधी वाटतं त्या दोन्ही पार्ट्यांना आणून आमच्या वर्तकनगरच्या कुठल्याही हॉलमध्ये एक रविवार बसवायला हवं होतं. अर्धा मिलिमीटर!

पण हे लिहिताना मला मामाचा चेहरा दिसतो, आणि माझं हे हसणं जरा स्वस्त आहे असंही वाटतं. कारण नंतर काय झालं ते मी पाहिलंय. २०११ च्या वर्ल्ड कपसाठी मामाने ४० इंची एलसीडी घेतला, वानखेडेची फायनल त्यावरच बघितली आम्ही सगळ्यांनी, बिल्डिंगमधली निम्मी पोरं त्या हॉलमध्ये. पुढच्या एका रविवारी दुपारी मामाला आठवलं की ह्याला एचडीएमआय आहे. प्लेअर खाली काढला, ट्रान्सफॉर्मर लावला, गुं गुं सुरू झालं. लाल डब्यातली समुद्राखालची एक डॉक्युमेंटरी लावली. तोशिबाने हात वर करून तीन वर्षं झाली होती आणि त्या दुपारी आम्ही एचडी डीव्हीडी पहिल्यांदा बघितली. माशाच्या अंगावरचा एकेक खवला, त्याच्या कडेला पडलेला प्रकाश, वाळूचा एक कण उडून परत खाली बसताना. मामी हातातली भाजी निवडायची थांबली. कोणी काही बोललं नाही, आणि मामाने "बघ" सुद्धा म्हटलं नाही ह्या वेळी. मी त्या आधी मॉलमध्ये ब्लू-रे पाहिला होता, काचेच्या कपाटात कुलपात ठेवलेल्या डिस्क आणि शेजारी डेमो चालू असलेला टीव्ही, आणि शपथेवर सांगते, मला फरक कळला नाही. कळणारही नव्हता, दोन्हीकडे १०८० रेघांचंच चित्र.

शिवाय मामाच्या पार्टीच्या बाजूने दोन शब्द बोलायलाच हवेत, त्याचं वकीलपत्र आता दुसरं कोण घेणार. एचडी डीव्हीडीला रिजन कोड नव्हता. अमेरिकेतली चकती नेरूळमध्ये बिनतक्रार चालायची. जिंकलेल्या ब्लू-रेने जगाचे ए, बी, सी असे तीन तुकडे केले, भारत सी मध्ये, दादाने तिकडून प्रेमाने पाठवलेली ए वाली डिस्क इथल्या प्लेअरवर नाही म्हणू शकते. एचडी डीव्हीडीच्या प्रत्येक प्लेअरला पहिल्या दिवसापासून इंटरनेटची वायर लावायची सोय होती, ब्लू-रेच्या सुरुवातीच्या प्लेअरांना ती सक्तीची नव्हती. म्हणजे जे जिंकलं ते सगळ्याच बाबतींत चांगलं होतं असं कोणी म्हणू नये, माल जास्त मावत होता एवढं खरं. युद्ध संपल्यावर दादाने तिकडच्या क्लिअरन्समधून लाल डब्या ढिगाने घेतल्या आणि कोणी येणारं-जाणारं असलं की पाठवल्या, मामाचं कपाट हरल्यानंतरच भरलं. स्वस्त झाल्या होत्या ना. आमच्याकडच्या सगळ्या मंडळींना जी गोष्ट परवडली ती ती संपल्यावरच परवडली, हा काही पहिला प्रसंग नव्हता.

जिंकणाऱ्याला तरी काय मिळालं म्हणा. ज्या नेटफ्लिक्सने फेब्रुवारी २००८ मध्ये पोस्टाने पाठवायला ब्लू-रे निवडला, त्यानेच एक वर्ष आधी, जानेवारी २००७ मध्ये, सिनेमा इंटरनेटवरून दाखवायला सुरुवात केली होती. दोघे मैदानात एकमेकांना लोळवत होते तेव्हा मैदानच विकलं जात होतं. तोशिबाने २००९ मध्ये मुकाट ब्लू-रे प्लेअर काढला, सॅमसंगने २०१९ मध्ये नवे प्लेअर काढणं थांबवलं, नेटफ्लिक्सची पोस्टाची पाकिटं २०२३ मध्ये बंद, आणि फेब्रुवारी २०२५ पासून सोनीने रेकॉर्ड करायच्या ब्लू-रे चकत्या बनवणं थांबवलं. आपल्याकडे तर लोकांनी व्हीसीडीवरून थेट मोबाईलवर उडी मारली, मधलं निळं स्टेशन गाडीने घेतलंच नाही. त्यामुळे त्या भंगारवाल्या पोराचं 'तेच ते' मला आता इतकं टोचत नाही. काट्यावर दोन्ही पार्ट्यांचं वजन सारखंच भरेल. पण मामाने पेटी परत घेतली तेही मला पटतं, आणि ह्या दोन्हींचा मेळ मला घालता येत नाही, तर नाही.

सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये भिंत मोठी निघाली म्हणून परवा मी, मामा आणि मामी वाशीला टीव्ही बघायला गेलो. सेल्समन पोरगा चुणचुणीत होता, धडाधड सांगत सुटला, आणि मधेच म्हणाला, "काका, ह्याच्यात डॉल्बी व्हिजन येतं, त्या पलीकडच्या कंपनीत नाही येत, त्यांचं एचडीआर टेन प्लस." मामा थांबला. चष्मा वर सरकवला. इतक्या वर्षांत मी त्याला एवढा ताजातवाना बघितला नव्हता. "म्हणजे परत दोन पार्ट्या?" पोरगा म्हणाला, तसंच काहीसं. "मग ह्यातलं टिकणार कुठलं?" पोरगा दोन्ही टीव्हींकडे आळीपाळीने बघत राहिला, मग म्हणाला, "काका, जास्त हेच जातात," आणि हात डॉल्बीवर ठेवला. मामा माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "शेल्फ," आणि दुसऱ्या टीव्हीपुढे जाऊन त्यातल्या बाईच्या साडीचे काठ बघत उभा राहिला. मामी तोवर दोन्ही रिमोट हातात घेऊन उलटेपालटे करत होती. "ह्यांच्यावर आकडे कुठायत?" पोरगा म्हणाला, "आकडे नसतात काकू आता, बटण दाबून बोलायचं, तो लावतो." मामीने रिमोट तोंडाजवळ नेला, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात "सह्याद्री लाव" म्हणाली, आणि दोन्हीपैकी जो लावेल तो घ्यायचा असं आम्हाला सांगून टाकलं.